वाढत्या अंगाची रायफल

वस्तू पारखावी तर झुल्फिकारनं, असं वेल्ह्याच्या पेठेत इतर कुणाचं म्हणणं असो वा नसो, माझं स्वतःचं पहिल्यापासून तसं आहे. बावीस वर्षं वेल्हे ते नसरापूर जीप चालवतोय. टायरवर नुसती टिचकी मारून तो आणखी किती पळेल ते सांगतो. म्हैस घ्यायची असली तरी मी लोकांबरोबर बाजारात जातो. जिपेचा आणि म्हशीचा संबंध काय, असं कुणी विचारत नाही, कारण मी तेवढा वेळच देत नाही. त्यामुळे आमच्या पोरीला, गुलनाजला, रायफल घ्यायची वेळ आली, तेव्हा मला कसलीच काळजी वाटली नाही. ती वाटायला हवी होती.

रायफल म्हणजे तुम्हाला वाटतेय तसली नव्हे. हवेवर चालणारी, खेळायची. दहा मीटरवर कागद टांगतात, त्यावर काळा गोल असतो आणि त्याच्या मधल्या टिकलीवर मसुराएवढा छरा मारायचा. शाळेतले कुमार सर हा खेळ शिकवतात. गुलनाज बारा वर्षांची, हाडानं किरकोळ, पण एका जागी उभी राहिली की खांबासारखी. सर म्हणाले, "पोरीचा नेम चांगला आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेला नाव घातलंय. पण शाळेत रायफल एक आणि मुलं अकरा. तिला स्वतःची घेता आली तर बघा."

त्यांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं. 'छरा सगळ्यात बारीक मापाचा. वजनाला हलकी. दस्ता लहान-मोठा करता येईल अशी. मुलीला दुकानात सोबत न्या.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

"दोन रेघा मारल्यात सरांनी," माझ्या बायकोनं, मेहजबीननं, दाखवलं.

"मास्तर लोकांना रेघा मारायची सवयच असते."

"पण तिला न्यायला काय होतंय?"

"तिची शाळा बुडते. आणि मी जीप घेताना जिपेत बसणारी माणसं सोबत नेली होती का?"

मेहजबीननं कागद माझ्या खिशात घातला आणि पुढं काही बोलली नाही. आमच्याकडं पुढं काही न बोलणं हा फार वाईट शकुन असतो.

पुण्यातलं दुकान पाहून मी हरखून गेलो. भिंतभर रायफली उभ्या होत्या. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी माझ्या मागं दरवाज्याकडं बघितलं.

"मुलगी कुठाय?"

"शाळेत."

"मग माप कसं घ्यायचं?"

मी छातीशी हात धरून दाखवला. "हितपर्यंत येते."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग कागद वाचला आणि कोपऱ्यातली एक रायफल काउंटरवर ठेवली. बारकीशी, साधी, काळी. हातात घेतली तर वजनच लागेना. मला काही ती पटली नाही. पोरगी जिल्ह्याला चाललीय आणि हातात हे खेळणं. शेजारी एक होती, खांद्याला टेकवायचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, लांब नळी, उचलली की हाताला कळायचं काहीतरी उचललंय. चांगली पाच किलो.

"ही दाखवा."

"ती मोठ्या माणसांची आहे."

"छरा?"

"छरा तोच. सगळ्यांना तोच. फरक वजनाचा आणि लांबीचा."

"मग झालं की. पोरगी काय बाराचीच राहणार आहे का?"

आता हे तुम्हीच सांगा. आपण पोरांना गणवेश घेतो तो दोन बोटं मोठा. चपला घेतो त्या पुढून बोट जाईल अशा. स्वेटर घेतला तर तो पहिल्या वर्षी गुडघ्याला लागतो आणि चौथ्या वर्षी बरोबर बसतो. आमच्या वडिलांनी मला माझ्या लग्नात पायजमाही वाढत्या अंगाचा शिवला होता. रायफल एकदाच होणार, तर ती वाढत्या अंगाचीच घ्यायला नको का?

दुकानदारांनी तीनदा सांगून पाहिलं. मग बिल केलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे कायम रायफलीसोबत ठेवा. आठ दिवसांत बदलून देईन, पण ओरखडा नको."

"बदलायची वेळच येणार नाही," मी म्हणालो.

घरी पेटी उघडली तेव्हा गुलनाजचे डोळे एवढे मोठे झाले. तिनं दस्त्यावरून हात फिरवला, मग दोन्ही हातांनी उचलली. नळी पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडं होती, मग खुंटीकडं आली, मग सावकाश खाली कणगीकडं गेली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"छान आहे, अब्बा."

"जड नाही ना?"

"नाही, अब्बा. सवय होईल."

मेहजबीन भाकरी थापत होती. तिनं नुसतं तव्याकडं बघितलं.

पुढचे तीन दिवस गुलनाज शाळेतून सराव करून यायची आणि मुकाट्यानं बसायची. एकदा डाव्या हातानं जेवताना दिसली. एकदा तिची वेणी आईनं घातली. मी म्हणालो, "बघ, कसा सराव चाललाय पोरीचा." आणि जिपेत येईल त्याला सांगत सुटलो. आमची रायफल अशी, तिची नळी तशी, साधीसुधी वस्तू नव्हे, आवाज ऐकून डोंगरावरची वानरं पळतील. वास्तविक तिचा आवाज, दूध नासलं की आपण जिभेनं 'च्च' करतो, तेवढाच होतो. पण चढावर जीप चालवताना माणूस बोलण्यात थोडा वाहवतो.

त्यातल्याच एका दिवशी मागच्या बाकावर पालीच्या साळूबाई बसल्या होत्या. वेल्ह्याच्या बाजारात भाजी-माळवं विकून परत निघाल्या होत्या. त्यांनी सगळं कान देऊन ऐकलं. मार्गासनीला उतरल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे मालक, गेनबा, माझ्या दारात. वय सत्तरीचं, डोक्याला मुंडासं, हातात काकड्यांची पिशवी.

"झुल्फीभाई, तुमी बंदूक घेतली म्हनं."

"बंदूक नाही गेनबा. पोरीची खेळायची रायफल आहे."

"वानरं पळत्यात म्हनं तिनं."

इथं खरं सांगायला हवं होतं. पण माझं कालचं बोलणं माझ्याच दारात येऊन उभं राहिलं होतं, त्याला हाकलायचं कसं?

"आमचा भात निसवलाय, लोंब्या भाईर पडल्यात," गेनबा म्हणाले. "सांज झाली की डुकरं येत्यात. तीन वाफं पार लोळवून टाकलं. डबं वाजवलं, फटाकं लावलं, कायसुदिक ऐकत न्हाईत. तुमी नुस्तं येऊन हुबं ऱ्हावा."

"अहो, डुकराला मारायला बंदी आहे. आणि यातून छरा सुटतो, त्यानं कागद फाटतो फक्त."

"मारायचं कोन म्हनतंय? छरंबी आनू नका. बुजगावन्याच्या हातात आपन काठी देतो का न्हाई? तसं. डुकराला काय ठावं त्यात काय हाय."

बुजगावणं व्हायला मी नाही म्हणायला हवं होतं. पण काकड्या पिशवीतून निघून मेहजबीनच्या परडीत गेल्या होत्या, म्हातारा माणूस उन्हातून आला होता, आणि मला नाही म्हणता येत नाही. छरे मी घरी ठेवले. तेवढी अक्कल शाबूत होती. मेहजबीननं विचारलं, "कुठं?" मी म्हणालो, "आलोच." बिल मात्र गुलनाजच्या दप्तरात राहिलं.

सूर्य डोंगरामागं जायच्या बेताला आम्ही जिपेनं पालीला पोचलो. गेनबांचं भाताचं खाचर गावाच्या पार टोकाला. खालच्या बांधाला चिखल, वरच्या बांधापासून झाडी सुरू, तिथून पुढं वनखात्याची हद्द. गेनबांनी मला मधल्या बांधावर उभं केलं, चार पावलं मागं जाऊन बघितलं आणि म्हणाले, "जरा छाती काढा."

मी छाती काढली. पाच किलोची रायफल खांद्याला लावून उभा राहिलो. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या मिनिटाला माझा डावा हात थरथरायला लागला. मी पंचेचाळीस वर्षांचा, रोज जिपेचं चाक उचलणारा माणूस. मनात एक विचार आला, पण तेवढ्यात वरच्या बांधामागं खसखस झाली.

"आलं," गेनबा कुजबुजले.

"कुठं?"

"समोरच की. लई दांडगं हाय."

दगडी बांधाच्या वर काळं काहीतरी हललं. मी एक पाऊल मागं सरकलो. मागं बांध नव्हता. मी खाचरात उताणा पडलो, पण पडतानाही ओरखड्याची आठवण राहिली, म्हणून दोन्ही हातांनी रायफल डोक्यावर धरली. दस्त्याला चिखल लागलाच, पण लाकूड दगडाला लागलं नाही.

तेवढ्यात डुक्कर उभं राहिलं आणि त्यानं बॅटरी लावली.

"हात वर करा."

"वरच आहेत, साहेब," मी चिखलातून म्हणालो.

ते वनरक्षक होते, हनुमंत नावाचे. वेल्ह्याचा एक जीपवाला बंदूक घेऊन पालीला डुकरं मारायला येणार, अशी पक्की खबर त्यांना मिळाली होती. दोन तासांपासून माणूस बांधामागं पालथा पडून होता आणि मुंग्या चावून हैराण झाला होता. त्यामुळे त्यांचा मूड काही चांगला नव्हता. गेनबा मध्ये पडले. "सायेब, मीच बोलिवलं त्यास्नी. ते मारनार नव्हते, नुस्तं हुबं ऱ्हानार होते." हे ऐकून तर साहेबांचा संशय जास्तच वाढला.

वनखात्याच्या चौकीत त्यांनी मला आणि गेनबांना बाकावर बसवलं आणि रायफल टेबलावर ठेवली.

"कुणाची?"

"माझ्या मुलीची. खेळायची आहे, साहेब. जिल्ह्याला चाललीय ती."

"वय?"

"बारा."

त्यांनी रायफल एका हातानं उचलून बघितली. खाली ठेवली. "बिल?"

"दप्तरात."

त्यांनी माझ्या घरी फोन लावला. पाऊण तासानं कुमार सरांच्या मोटरसायकलवरून गुलनाज आली. छातीशी बिल धरलेलं, हातात जेवणाचा डबा. डबा तीन कप्प्यांचा होता. मेहजबीननं मी किती दिवस आत राहीन याचा अंदाज बांधूनच भाकरी दिल्या होत्या.

साहेबांनी बिल वाचलं. सर म्हणाले, "आमची खेळाडू आहे साहेब. नाव गेलंय स्पर्धेला, हे पत्र बघा." पत्रही वाचलं. तरी साहेबांची मान हलेना.

"बिल तुमच्या नावचं. पत्रात मुलीचं नाव. पण ही रायफल हिचीच, हे कशावरून? बाळ, उचलून दाखव बरं. नेम धर त्या भिंतीकडं."

सरांनी आधी रायफल उघडून आत काही नाही ना ते बघितलं, मग तिच्या हातात दिली. गुलनाज उभी राहिली. पाय बरोबर ठेवले, श्वास घेतला, रायफल खांद्याला लावली. दस्ता लांब, गाल पोचेना. डोळा नेम धरायच्या भोकापासून वीतभर मागं. तिनं मान ताणली. नळी भिंतीवर होती, मग खिडकीच्या खाली आली, मग पाण्याच्या माठावर. हात लटलट कापायला लागले.

"ठेव, ठेव," साहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पोरीला उचलत नाही आणि म्हणे पोरीची. सरळ सांगा, शिकारीला आणलीत ना?"

मी गुलनाजकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. मग साहेबांना म्हणाली, "मला उचलते. आज दमलेय मी. अब्बांनी चांगलीच आणलीय."

तिचा उजवा खांदा ओढणीखाली किंचित वर राहिला होता, दुखऱ्या माणसाचा राहतो तसा. डाव्या हातानं जेवण, आईनं घातलेली वेणी, सगळं मला त्या क्षणी एकदम दिसलं. तीन मिनिटांत माझा हात गळाला होता. ही पोर तीन दिवस ते लाकूड उचलत होती, आणि ते कशासाठी, तर अब्बांना वाईट वाटू नये म्हणून. आणि आता चौकीतही माझीच बाजू सांभाळत होती.

"साहेब," मी म्हणालो, "ती दमलेली नाही. मी चुकलोय."

आणि सगळं सांगितलं. कागद, दोन रेघा, दुकानदार, त्यांनी पुढं ठेवलेली बारकी रायफल. "मला वाटलं, पोर वाढतीय, तर मोठीच घ्यावी. चार-पाच वर्षं पुरेल. पोरीला सोबत न्या म्हणाले होते सगळे, मी नेलं नाही. तिला हे पेलत नाही आणि ती मला बोलली नाही. जिपेत मीच फुशारक्या मारल्या, म्हणून गेनबा आले. शिकार करायची माझी छाती असती, तर मी चिखलात कशाला पडलो असतो?"

सरांनी खाली मान घातली होती. हसत होते का काय, कळलं नाही. हनुमंत साहेबांनी लिहायचं थांबवलं, पेन खाली ठेवलं.

"वाढत्या अंगाची," ते म्हणाले.

"होय, साहेब."

"आमच्या थोरल्याला पहिलीत सायकल घेतली होती मी. मोठ्या माणसांची. म्हटलं, कॉलेजपर्यंत पुरेल." ते जरा थांबले. "नळीखालून पाय घालून चालवायचा. दोनदा दात पाडून घेतले. बायको अजून तो विषय काढते." त्यांनी कागद उलटा केला. "हे खोटं असणार नाही. एवढा येडेपणा माणूस मनानं रचून सांगत नाही."

त्यांनी मला लेखी समज दिली. रायफल शाळेच्या सरावाच्या जागेवर आणि घरी, याशिवाय कुठं न्यायची नाही, रानाच्या आसपास तर नाहीच. मी सही केली. गेनबांना म्हणाले, "बाबा, उद्या मी पंचनाम्याला येतो. नुकसानीचा अर्ज करा. बुजगावणी बोलवू नका."

"बरं झालं," गेनबा म्हणाले. "ह्यांचा तसाबी उपेग न्हवता. डुकरं खालच्या अंगानं येऊन गेली."

परत येताना गुलनाज माझ्या शेजारी जिपेत बसली. सर मोटरसायकलवरून पुढं. 

"सांगायचं होतंस ना," मी म्हणालो.

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता, अब्बा. किती खूश होता." मग हळूच म्हणाली, "आता सांगू? लई जड आहे."

मी इतका हसलो की जीप बाजूला घ्यावी लागली. तीही हसली, खांदा धरून. मग आम्ही तिथंच डबा उघडला. पोटभर जेवूनही दोन भाकरी उरल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून तिला पुण्याला नेलं. मेहजबीननं ओल्या फडक्यानं, मग कापसानं, मग काडीला कापूस गुंडाळून ती रायफल पुसली होती. ओरखडा एकही नव्हता. दुकानदारांनी नळी उजेडाला धरली, मग एक चिमटा आत घातला आणि भाताची एक लोंबी बाहेर काढली. लोंबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मुलीला आणलंत, हे बरं केलंत," एवढंच म्हणाले.

पुढचा दीड तास मी स्टुलावर चहा घेत बसलो आणि मला कुणी काही विचारलं नाही. गुलनाजनं पाच रायफली लावून बघितल्या. पहिलीला गाल टेकत नव्हता. दुसरीला कोपर बरगडीवर बसत नव्हतं. दुकानदारांनी दस्ता दोन बोटं आत सरकवला, पुन्हा बाहेर काढला. तिला डोळे मिटून खांद्याला लावायला सांगायचे, मग डोळे उघडायला. डोळा आपोआप नेमाच्या भोकासमोर आला तर ती रायफल तिची, असं गणित. ते मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. शेवटी तिनं जी निवडली ती बारकीशी, साधी, काळी. कोपऱ्यातलीच. पण या वेळी मी ती तिच्या खांद्यावर बघितली आणि ती अजिबात बारकी दिसली नाही. नळी भिंतीवरच्या एका खिळ्यावर गेली आणि तिथंच राहिली. मी मनात साठपर्यंत मोजलं.

स्पर्धेला मी सगळ्यांच्या आधी पोचलो. पालकांना मागं दोरीपलीकडं उभं केलं होतं. बोलायचं नाही, मोबाईल बंद. मुली ओळीनं उभ्या, पाठमोऱ्या, सगळ्यांचे कपडे सारखे. गुलनाज डावीकडून सहावी. मी समोरचे कागदही डावीकडून मोजले आणि सहाव्यावर नजर लावली.

काय नेम होता म्हणून सांगू. छरा सुटला की मधोमध. पुन्हा मधोमध. माझ्या शेजारी भोरहून आलेले एक गृहस्थ उभे होते, त्यांची मुलगी गुलनाजच्या शेजारीच होती. तिच्या कागदावर भोकं जरा इकडंतिकडं दिसत होती. ते बिचारे हाताची घडी घालून गप्प. मला त्यांची दया आली. फेरी संपल्यावर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाराज होऊ नका," मी म्हणालो. "पोर लहान आहे. सराव वाढवा. आणि मनावर घेऊ नका, पण एक विचारतो, रायफल तिच्या मापाची आहे ना? मुलीला सोबत नेऊन घ्यावी लागते." मग खिशातली पेढ्यांची पुडी काढली. "घ्या. आपलीच मुलं सगळी."

त्यांनी पेढा घेतला. जरा गोंधळल्यासारखे दिसले, पण सज्जन माणूस, पेढा तोंडात टाकला.

गुलनाज बाहेर आली. गाल लाल, डोळे चमकत होते. "अब्बा, खांदा अजिबात दुखला नाही. आणि सव्वीस जणींत माझा अकरावा नंबर आला. सर म्हणाले, पहिल्या वर्षाला लई झालं."

"अकरावा? अगं, मी सगळे छरे मधोमध बघितले. सहाव्या कागदावर."

"उजवीकडून की डावीकडून?"

"डावीकडून."

"पहिली जागा रिकामी होती, अब्बा, नुसता कागद टांगलेला. मी सहावी उभी होते, पण माझा कागद सातवा." तिनं माझ्या शेजारच्या गृहस्थांकडं बघितलं. "सहावा यांच्या मुलीचा. ती पहिली आली."

गृहस्थांच्या तोंडात अजून पेढा होता. त्यांनी तो शांतपणे गिळला आणि पुडीकडं हात पुढं केला.

"आणखी एक घेऊ का?" त्यांनी विचारलं. "मुलीसाठी."

मी अख्खी पुडी दिली.